कर्ता आणि धर्ता

ईश्वराविषयी वाद घालणारे आस्तिक आणि नास्तिक हे दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र बिनतक्रार एकमताचे असतात: वादाचा मुद्दा जगाच्या उत्पत्तीचा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. घट आहे त्याअर्थी कुंभार असलाच पाहिजे, असे एकाने म्हणावे, त्या कुंभाराला कुणी घडवले, असे दुसऱ्याने विचारावे, आणि तारखांवर तारखा पडत हा दावा शतकानुशतके निकालाविना तसाच पडून राहावा, अशी या वादाची एकंदर वहिवाट आहे. वकील बदलले, दाखले बदलले, कुंभाराच्या जागी घड्याळजी आला. परंतु मुळात मुद्दा मुक्रर करतानाच काही गफलत झाली असेल काय, याची चौकशी करावी असे फार थोड्यांना वाटले. त्या थोड्यांचे म्हणणे मला नीट उमगले ते एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे घरातल्या टेबलावरच्या संगणकावर एक गेम इंजिन मूळ सोर्सपासून बांधून चालवून पाहताना. आणि म्हणून या लेखात तत्त्वज्ञानाच्या पोथ्यांबरोबर त्या यंत्राच्या दफ्तरातही थोडे डोकावणे भाग आहे.

गेम इंजिन म्हणजे खेळातल्या जगाचा कारभार पाहणारी यंत्रणा. भूमी कुठे आहे, उजेड कुठून पडतो, हातातून सुटलेला चेंडू किती वेगाने खाली येतो, भिंतीवर आदळला तर किती उसळतो, पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या टापूत काय येते आणि काय येत नाही, या सर्वांची व्यवस्था ते लावते, आणि मग खेळ रचणाऱ्याला प्रत्येक खेळासाठी गुरुत्वाकर्षण नव्याने लिहीत बसावे लागत नाही. मी निवडले ते गोदो नावाचे इंजिन. अर्जेंटिनातल्या ह्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या दोघांनी ते लिहायला घेतले आणि २०१४ साली एमआयटी परवान्याखाली त्याचा सोर्स सर्वांना खुला केला. नाव घेतले आहे ते सॅम्युएल बेकेटच्या, पॅरिसमध्ये १९५३ साली प्रथम रंगमंचावर आलेल्या नाटकावरून, ज्यात ज्याची वाट पाहायची तो अखेरपर्यंत येतच नाही. ईश्वरचर्चेला निघालेल्या माणसाला हे नाव फार मोहात पाडते खरे. परंतु त्या गोदोचे नाते ईश्वराशी जोडणे खुद्द बेकेटलाच मान्य नव्हते, तेव्हा आपणही तो मोह आवरलेला बरा.

बांधणीची रीत सांगायला सोपी आहे. सोर्स उतरवून घ्यावा, पायथन भाषेत लिहिलेल्या ‘एसकॉन्स’ नावाच्या बांधणी-व्यवस्थेला हुकूम द्यावा, आणि स्वस्थ बसावे. सी प्लस प्लस भाषेतली एकेक फाइल कंपायलरच्या हाताखालून जाते, तिचे यंत्रभाषेतले तुकडे साठत जातात, प्रोसेसरची सर्व अंगे कामाला जुंपली जातात, पंख्याचा आवाज खोलीभर होतो, आणि अखेरीस लिंकर हे सर्व तुकडे सांधून त्यांची एकच फाइल करून देतो. गंमत अशी की जो एडिटर उघडून पुढे खेळाचे जग रचायचे, तो एडिटरही त्याच इंजिनावर चालणारा एक अनुप्रयोगच असतो. विश्वकर्म्याची हत्यारे त्याच्याच सृष्टीतली निघावीत तसा हा प्रकार आहे.

आता कर्त्याचा शोध घेणाऱ्याने येथेच थांबण्याचे कारण नाही. सोर्स माणसांनी लिहिला हे ठीक. पण त्याला यंत्रभाषेत आणणारा कंपायलर कुणी केला? मी वापरलेला जीसीसी हा कंपायलर आज स्वतःच सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे, म्हणजे त्याला जन्म द्यायला आधीचा एक कंपायलर लागतो. त्याची बांधणी करताना तर त्याच्याकडून त्यालाच पुन्हा बांधवून घ्यावे आणि दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची अपत्ये परस्परांशी ताडून पाहावी, अशी रूढ पद्धत आहे. केन थॉम्प्सन याने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की अशा वंशपरंपरेत एखादी खोड एकदा शिरली की सोर्समध्ये तिचा मागमूसही न ठेवता ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाऊ शकते, आणि हे वाचताना पूर्वजन्मीच्या संस्काराची कल्पना ज्याच्या मनात येणार नाही असा आपल्याकडचा वाचक विरळा. आपल्या शास्त्रकारांनी अशा साखळीला बीजांकुरन्याय लावला: अंकुराआधी बीज, बीजाआधी अंकुर, आणि ही अनवस्था दोषास्पद नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र साखळीला टोक आहे. मागे मागे जात १९५० च्या दशकात पोचले की ग्रेस हॉपर, जॉन बॅकस अशी माणसे भेटतात, आणि त्यांच्या पलीकडे कंपायलर नाही, यंत्रभाषेतच हाताने मांडलेले अंक आहेत. कर्ता सापडला. दावा निकालात निघाला असे म्हणायला हरकत नाही.

आणि तरीही, हा सगळा वंशवृक्ष हाती आल्यानंतरही, माझ्यासमोर असते ती डिस्कवरची एक निश्चल फाइल. तिच्यात भूमी नाही, उजेड नाही, चेंडू नाही. सांख्य म्हणतील की कार्य कारणात आधीपासूनच आहे, केवळ अव्यक्त आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची माझी इच्छा नाही, परंतु अव्यक्त जगात कुणी राहू शकत नाही, एवढे तेही मान्य करतील. बांधणी पुरी झाली, कर्त्याचे काम संपले, तो उठून गेला, आणि जग अजून सुरूच झालेले नाही.

ते सुरू होते चालवल्यावर. आणि चालवणे म्हणजे एकदा कळ दाबणे असा जो समज असतो तो आतला कारभार पाहिला की टिकत नाही. इंजिनाच्या गाभ्यात एक आवर्तन आहे. आवर्तनाच्या आरंभी बाहेरून काही आले आहे काय, म्हणजे कळफलकावरची एखादी कळ, माउसची एखादी हालचाल, याची नोंद घ्यायची. मग पदार्थांच्या गतीचा हिशेब एका ठरावीक पावलाने पुढे न्यायचा. मग वृक्षाच्या आकारात रचलेल्या प्रत्येक नोडला, मुळापासून पानापर्यंत, तुझे या वेळचे कर्तव्य कर असे सांगायचे. मग जे दृष्टीच्या टापूत येते तेवढ्याचे चित्र रेखायचे आणि पडद्याकडे सोपवायचे. एवढे झाले की पुन्हा पहिल्यापासून. गतीचा हिशेब, कुणी वेगळी तजवीज केली नसेल तर, सेकंदाला ६० वेळा होतो. म्हणजे एका आवर्तनाच्या वाट्याला सतरा मिलिसेकंदही पुरते येत नाहीत. पडद्यावर चेंडू जमिनीवर नुसता पडलेला असतो, काही घडत नसते, खेळणारा चहा आणायला गेलेला असतो, आणि त्या ‘काही न घडण्या’साठी देखील भूमी पुन्हा रेखली जात असते, उजेड पुन्हा पाडला जात असतो, चेंडू पुन्हा होता तिथेच मांडला जात असतो. स्थिर झालेल्या पदार्थाला गतीच्या हिशेबातून इंजिन तात्पुरती रजा देते हे खरे. पण रजेवरच्या माणसाचे नावही हजेरीपटावर ठेवावेच लागते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या चिंतनांमध्ये असे प्रतिपादन केले होते की एखादी वस्तू टिकवून धरायला लागणारे सामर्थ्य हे ती नव्याने उत्पन्न करायला लागणाऱ्या सामर्थ्याहून वेगळे नसते. काल मी होतो एवढ्यावरून आज मी असलोच पाहिजे असे निष्पन्न होत नाही. त्याच्याही कित्येक शतके आधी इस्लामी धर्मशास्त्रातल्या अशअरी पंथाच्या पंडितांनी असे मानले होते की पदार्थांचे गुणधर्म दोन क्षण टिकत नाहीत, ईश्वर ते क्षणोक्षणी पुन्हा उत्पन्न करतो, आणि कापूस जळतो तो अग्नीमुळे नव्हे तर त्या त्या क्षणीच्या ईश्वरी आज्ञेमुळे. विक्रमशीलेचा बौद्ध पंडित रत्नकीर्ती याने हीच क्षणभंगुरता मांडली, फक्त आज्ञा देणारा वगळून. हे तीन पक्ष वाचताना मला पूर्वी ते बुद्धीचे व्यायाम वाटत असत. जे अखंड आहे त्याला तुकड्यांत कापून पुन्हा जोडण्याची ही उठाठेव कशासाठी, असे मनात येई. पडद्यावरचे अखंड दिसणारे जग तशाच तुकड्यांचे असते हे कळल्यावर त्यांच्याविषयी असे बोलवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चित्र क्षणिक असेल, पण चेंडू कुठे आहे हे सांगणारा अंक तर संगणकाच्या स्मृतीत टिकून असतो ना? मग द्रव्य नित्य आणि आभास क्षणिक, असे साधे वैशेषिक मत का स्वीकारू नये? आक्षेप चांगला आहे, परंतु तो एकच मजला खाली जाऊन थांबतो. संगणकाची रॅम म्हणजे अतिसूक्ष्म विद्युत्‌संचयांची एक मोठी वसाहत असते. प्रत्येक संचयात विद्युत्‌भार असणे वा नसणे म्हणजे एक वा शून्य, आणि हा भार गळत असतो. तो पुरता गळून जाण्यापूर्वी वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि त्याची सामान्यतः ठरलेली मुदत ६४ मिलिसेकंद आहे. म्हणजे ज्याला आपण टिकलेला अंक म्हणतो तोही सेकंदात पंधरा-सोळा वेळा नव्याने लिहिला जातो. टिकणे हे त्याच्या पुनर्लेखनाचे नाव आहे. त्याही खाली जावे तर वीज. आणि ती कोयनेच्या पाण्याने येवो की चंद्रपूरच्या कोळशाने, घरात साठून राहत नाही, ज्या क्षणी वापरायची त्या क्षणीच कुठेतरी निर्माण व्हावी लागते. दिवे गेले तर आमच्या भागात काय होते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. एवढा मोठा प्रदेश, त्यातले डोंगर, चेंडू, सारे नष्ट होते. आणि त्याच्या नाशासाठी कुणालाही काहीही करावे लागत नाही, केवळ करणे थांबावे लागते.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा भेद. उत्पत्तीची कारणे काळात मागे पसरलेली असतात आणि ती संपली तरी कार्य उरते. कुंभार वारला म्हणून घट फुटत नाही. धारणेची कारणे आत्ता, एकाखाली एक उभी असतात आणि त्यांपैकी एक जरी सुटले तरी वरचे सर्व कोसळते. गोदो लिहिणारे ते दोघे या क्षणी जागे आहेत की झोपलेले, यावर माझ्या पडद्यावरचे काहीही अवलंबून नाही. कर्ता अनावश्यक झाला आहे. धर्त्याला क्षणाची उसंत नाही.

म्हणूनच की काय, जे विचारवंत या विषयात खोल गेले त्यांनी उत्पत्तीचा आग्रह सोडून दिलेला आढळतो. शंकराचार्य संसाराला अनादी मानतात आणि तरीही ब्रह्माला त्याचे अधिष्ठान म्हणतात. युरोपात टॉमस अक्वायनस हा जगाला आरंभ होता हे श्रद्धेने मानतो, परंतु केवळ तर्काने ते सिद्ध करता येणार नाही असे स्पष्ट सांगतो, आणि जग अनादी असते तरी ईश्वरावर ते तितकेच अवलंबून राहिले असते असा त्याचा पक्ष आहे. मिथिलेचा उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीचे जे हेतू मांडतो त्यांत पहिला कार्याचा आहे, तो कुंभाराचा; वाद घालणाऱ्यांनी तेवढाच उचलला. तिसरा हेतू धृतीचा आहे. एवढे जड विश्व कोसळत का नाही, ते कुणाच्या तरी प्रयत्नाने धरलेले असले पाहिजे, असा त्याचा आशय. शाळेत न्यूटन शिकलेल्या आपल्याला तो बालिश वाटतो, कारण पृथ्वी कशावर टेकली आहे असा त्याचा अर्थ आपण लावतो. धृती म्हणजे टेकू असे न समजता ‘असणे चालू ठेवणे’ असे समजले तर त्याचे वजन एकदम वाढते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण आपण कर्म करणे थांबवले तर हे लोक नष्ट होतील असे सांगतो. तेथे त्याने आपण जग केले याचा दाखला दिलेला नाही, आपल्या चालू कर्माचा दिला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

परंतु उदयनाचार्यांना जेवढे हवे होते तेवढे या हेतूतून मिळते काय? येथे मला त्यांची साथ सोडावी लागते. माझ्या टेबलावर धारणा चालली आहे यात शंका नाही. पण ती करणाऱ्या आवर्तनाला चेंडू ठाऊक नाही, भूमी ठाऊक नाही, आपण काही धरून ठेवले आहे हेही ठाऊक नाही. ज्या वस्तूचा संदर्भ जगात कुठेच उरला नाही तिची जागा ते निर्विकारपणे मोकळी करते. नायक आणि शत्रू यांना एकाच हिशेबाने पुढे नेते. हा समभाव आहे, पण तो स्थितप्रज्ञाचा नव्हे. धारणेवरून धारक सिद्ध होईल, ज्ञाता सिद्ध होत नाही. आणि कुमारिल भट्टासारखा मीमांसक येथे शांतपणे म्हणेल की कर्माचे चक्र आपल्या नियमाने फिरत आहे, पूर्वीही असेच होते, त्याला बसवायला ईश्वर कशाला हवा? त्याला मुद्देसूद उत्तर माझ्यापाशी नाही, आणि उदयनाचार्यांपाशी होते असेही मला वाटत नाही.

बरे, जग थांबवून पाहावे म्हटले तर तेही जमत नाही. खेळ तहकूब करण्याची सोय इंजिनात आहे. ती वापरली की गती थांबते, नोडची कर्तव्ये थांबतात, चेंडू अधांतरी राहतो. पण आवर्तन थांबत नाही. चेंडूला अधांतरी ठेवण्याचे, ज्या नोडला तहकुबीतही जागे राहण्याची सवलत दिली आहे त्याला हाक मारण्याचे, पुन्हा सुरू करण्याचा हुकूम आला काय हे पाहण्याचे काम चालूच असते. वैशेषिकांच्या प्रशस्तपादाने वर्णिलेला प्रलय असाच आहे: महेश्वराच्या इच्छेने शरीरे आणि महाभूते विघटित होतात, परमाणू सुटे सुटे राहतात, जीव आपापल्या धर्माधर्माच्या संस्कारांसह तेवढाच काळ विसावतात, आणि मग पुन्हा सृष्टी. हे वर्णन मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे, कारण प्रलयातही राखले काय जाते याचा तपशील देण्याची गरज त्याला भासली. आतल्या रहिवाशाला मात्र या तहकुबीचा पत्ता लागणार नाही. यंत्र मंद पडले आणि हिशेब साचू लागला तर इंजिन एका ठरावीक मर्यादेपलीकडे तो भरून काढत नाही, सगळे जगच संथ होते. आतला प्राणी तरीही आपल्या गतीने चालत राहतो, कारण त्याच्या नाडीचा ठोकाही त्याच आवर्तनाने पडतो. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्षण तेवढा वास्तव मानला असून दिवस-रात्रीचा काळ हा बुद्धीने जुळवलेला समूह ठरवला आहे, त्याची येथे आठवण होते.

वाद पंडितांचे राहू द्यावेत आणि प्रत्यक्ष श्रद्धावान माणसे देवापाशी काय मागतात ते पाहावे. जग निर्माण केल्याबद्दल देवाचे आभार मानणारा मनुष्य मला आपल्या समाजात क्वचितच भेटला. घरातून बाहेर पडताना, मुलाला परगावी धाडताना, आजाऱ्याच्या उशाशी बसून माणसे एवढेच म्हणतात की सांभाळ. पंढरपूरच्या देवाच्या हातून काही घडताना कुणी पाहत नाही. तो रचत नाही, मारत नाही, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा असतो, आणि त्याच्या उभे राहण्याची मुदत परंपरेने अठ्ठावीस युगे सांगितली आहे. पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंतचा त्याच्या सेवेचा सारा क्रमही कालची पूजा आजच्या खात्यावर न धरणारा आहे. उत्पत्तीचा वाद हरला काय किंवा जिंकला काय, वारकऱ्याचे त्यात फारसे काही गुंतलेले नाही, असे मला म्हणूनच वाटते. त्याची श्रद्धा धृतीवर उभी आहे, कार्यावर नाही.

लाइब्निट्सने न्यूटनच्या अनुयायांची थट्टा केली होती. सॅम्युएल क्लार्कशी १७१५-१६ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात त्याने विचारले की तुमच्या ईश्वराला आपले घड्याळ मधूनमधून किल्ली देऊन दुरुस्त करावे लागते, तर तो कसला कारागीर? जग घड्याळासारखे असेल तर ही थट्टा बिनतोड आहे. त्यात ढवळाढवळ म्हणजे कारागिरातली उणीव, आणि प्रार्थना ऐकली जाणे म्हणजे नियमाचा भंग. क्लार्कने उत्तर दिले की ईश्वराच्या सततच्या शासनावाचून चालणारे जग म्हणजे राजावाचून चालणारे राज्य, आणि ते त्याच्या गौरवाचे लक्षण नव्हे. आपल्याला बहुधा लाइब्निट्स जिंकल्यासारखा वाटतो. पण आवर्तनाने चालणाऱ्या जगाची घडण घड्याळाहून वेगळी आहे. त्याच्या प्रत्येक फेऱ्याचे पहिलेच कलम बाहेरून काही आले आहे काय हे विचारण्याचे आहे. आलेले असेल तर ते त्या फेऱ्याच्या हिशेबात नियमानुसारच धरले जाते, काहीही मोडत नाही, काहीही दुरुस्त करावे लागत नाही. अशा जगात कृपेला चमत्कार म्हणण्याचे कारण उरत नाही. मात्र कळफलकावर कुणाचा हात आहे की नाही, हे आवर्तनाकडून कळण्याचा मार्ग नाही. खोली रिकामी असली तरी सेकंदाला साठ वेळा ते तीच विचारणा करते, उत्तराच्या जागी काही नाही अशी नोंद घेते, आणि चेंडूला आहे तिथे ठेवून पुढच्या फेऱ्याला लागते.